तपासलेलं तळं

“लिफ्ट पडली नाही, हे सांगायला कोणी फोन करत नाही,” असं ते एकदा म्हणाले होते. ऑफिसातल्या कोणाच्या तरी निरोपसमारंभात, कागदी बशीतला केक प्लास्टिकच्या चमच्याने कोरत. सगळे हसले. ते हसले नाहीत, कारण त्यांनी विनोद केला नव्हता.

ते लिफ्टचे तपासनीस होते. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट वर्षातून एकदा तपासायच्या, चालण्याजोगी असेल तर शिक्का मारलेला कागद दाराशेजारी लावायचा, नसेल तर कुलूप. इतर तपासनीस थोडंफार सांभाळून घेत. हे घेत नसत. म्हणून ऑफिसात पाठीमागे त्यांना ‘नापास’ म्हणत आणि तोंडावर ‘नापाससाहेब’. इमारतींचे रखवालदार त्यांची बॅग लांबून ओळखत, आणि ती कोपऱ्यावर दिसली की वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना निरोप जाई, काय भाजी-औषधं आणायची ती आत्ताच आणून ठेवा.

लिफ्ट ज्या पोलादी दोरांवर लोंबते ते दोर बारीक तारा वळून केलेले असतात. त्यातली एखादी तार तुटली तर ती डोळ्यांना दिसत नाही. बाकीचे तपासनीस बॅटरी मारून दोर पाहत आणि पुढे जात. हे खिशात कापसाचा बोळा ठेवत. बोळा दोरावर हलका धरायचा, आणि खालच्या माणसाने लिफ्ट सावकाश चालवायची. तार तुटली असेल तिथे कापूस अडकतो, पांढरा पुंजका मागे राहतो. वर्षानुवर्षं अंधाऱ्या, तेलकट वासाच्या खोल्यांत उभं राहून त्यांनी हे केलं होतं. त्यांच्या सगळ्या पँटींच्या खिशांत कापूस सापडे. कपडे धुताना बायको म्हणायची, “थोडा कानात घाला की. मी काय बोलते ते नाहीतरी ऐकू येत नाहीच.”

ते स्वतः लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत. घर दोन खोल्यांचं. भिंतीला कपाट, कपाटाला टेकवलेली शिडी, आणि खिडकीखाली एक टेबल, ज्याच्या चारही पायांखाली घडी घातलेले पुठ्ठे. त्या घरात कुठलीही गोष्ट सहज आलेली नव्हती. बैठकीच्या खोलीला कसले पडदे लावायचे याचा विचार इतका लांबला की समोर नवी इमारत उभी राहिली आणि उन्हाचा प्रश्नच मिटला. पंखा घ्यायचा तर ते दुकानात पंख्याखाली उभे राहून तो फिरताना ऐकत. दुकानदार खुर्ची आणून देई. मग दुसरं दुकान. मग उन्हाळा संपे.

बायको आजारी पडली तेव्हाही ते असेच उभे राहिले.

पोटात गाठ होती. ऑपरेशन करायचं हे पहिल्याच डॉक्टरने सांगितलं. कुणाकडून, एवढंच ठरवायचं होतं. पहिल्या डॉक्टरचा हात चहाचा कप उचलताना हलला, ते तपासनिसांनी पाहिलं. दुसरा डॉक्टर प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होता. तिसऱ्याच्या हॉस्पिटलची लिफ्ट त्यांनी स्वतःच नापास केलेली होती, आणि ज्यांना लिफ्ट सांभाळता येत नाही ते माणूस काय सांभाळणार, असं त्यांना वाटलं. रिपोर्टांची पिशवी घेऊन ते रजा टाकून फिरत राहिले. बायको बॅग भरून तयार होती. टॉवेल, कंगवा, दोन गाऊन, चष्म्याचं घर. “तुम्ही ठरवा हो,” ती म्हणायची, “मी तयारच आहे.” बॅग बरेच दिवस दाराजवळ राहिली, इतकी की येता-जाता ती ओलांडायची सगळ्यांना सवय झाली. शेवटी त्यांनी पहिल्याच डॉक्टरला होकार दिला. तोवर गाठ नुसती गाठ राहिलेली नव्हती. नंतर डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तरी फारसा फरक पडला असता असं नाही. हे वाक्य त्यांनी जपून ठेवलं. पण त्या वाक्यावर त्यांनी कधी कापूस फिरवून पाहिला नाही.

एकच मुलगी. तेव्हा ती कॉलेजात होती. लहानपणापासून ती बापाला ‘तू’ म्हणायची, आणि आईला ते आवडायचं नाही. आई गेल्यावर काही महिन्यांनी तिने हॉस्टेलवर राहायला जायचं ठरवलं, आणि त्याच सुमारास ती ‘तुम्ही’ म्हणायला लागली. भांडण असं झालंच नाही. एकदा तिने विचारलं होतं, “थांबलात कशासाठी?” ते म्हणाले, “थांबलो कुठे, चौकशी चालू होती ना.” पुढे ती फिजिओथेरपिस्ट झाली, मोडलेल्या माणसांना परत चालायला शिकवू लागली. सुट्टीला मैत्रिणींबरोबर डोंगरांत जाऊ लागली. बापाकडे महिन्यातून एखादी चक्कर, त्यात चहा, आणि पुठ्ठे लावलेल्या टेबलाशी बसून हवापाण्याच्या गप्पा.

त्या वर्षी उन्हाळा ओसरत आला असताना ती आली आणि चहा व्हायच्या आतच म्हणाली, “मला बाहेर नोकरी लागलीय. समुद्रापार. थंडीच्या आधी जायचंय.”

“किती दिवसांसाठी?”

“दिवसांसाठी नाही, बाबा.”

त्यांनी गॅस बारीक केला. मग मोठा केला.

“जायच्या आधी आपण दोघं कुठेतरी जाऊ,” ती म्हणाली. “दोन-तीन दिवस. डोंगरात चालू, पाण्यात होडी चालवू. कयाक म्हणतात, अरुंद असते, दोन माणसं पुढेमागे बसतात. ऋतू बदलायला लागलाय, पानं पिवळी व्हायच्या बेतात आहेत. यापेक्षा चांगले दिवस नाहीत.”

“जाऊ की. कुठे?”

“ते तुम्ही ठरवायचं.”

“मी?”

“तुम्हीच. आणि एक अट आहे. आधी तपासायचं नाही. कोणाला विचारायचं नाही, जाऊन बघायचं नाही. एकदाच आयुष्यात काहीतरी न तपासता निवडा, आणि मला घेऊन चला. वाईट निघालं तर निघालं, दोघं मिळून वाईट जागी राहू.”

ते कप धूत राहिले. तो आधीच धुतलेला होता.

“आणि नाही जमलं तर?”

मुलीने थोडा विचार केला. तिचा चेहरा आईसारखा होता, पण विचार करताना कपाळावर उमटणारी आडवी रेघ बापाची होती. “नाही जमलं तर मी आपली जाईन,” ती म्हणाली. “मग उगाच दर रविवारी फोन करून तब्येती विचारायला नकोत. तुम्हालाही त्रास, मलाही.”

ती हे रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. रागाचं काही करता येतं.

समोरच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला ऑफिसात सगळे ‘समोरचे’ म्हणत, कारण तो कोणाच्याही समोर जाऊन बसे. दुसऱ्या दिवशी त्याने पाहिलं की नापाससाहेबांच्या टेबलावर सहलींची रंगीत माहितीपत्रकं पसरली आहेत आणि साहेब भिंग लावून एका धबधब्याचा फोटो बघत आहेत.

“काय, धबधबा नापास करताय?”

“फोटोच्या कोपऱ्यात कठडा आहे. त्याचा एक खांब वाकलेला दिसतो.”

“अहो, फोटोवाला वाकला असेल.” समोरच्यांनी खुर्ची ओढली. सगळी हकिकत काढून घेतली, आणि कपाळाला हात लावला. “लेकीने एवढी सोपी परीक्षा ठेवलीय, आणि तुम्ही त्यातही नापास व्हायचं ठरवलंय. डोळे मिटा. मिटा हो. आता बोट ठेवा कुठेही. जिथे पडेल तिथे जायचं.”

त्यांनी डोळे मिटले. बोट ठेवलं. उघडून पाहिलं तर ते पत्रकाच्या मागच्या बाजूच्या मूळव्याधीच्या दवाखान्याच्या जाहिरातीवर होतं.

“इथेही जाऊन या कधीतरी,” समोरचे म्हणाले, “पण लेकीला नका नेऊ.”

ते हसले. खरंच हसले, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांना वाटत राहिलं की जमेल. घरी जाऊन त्यांनी तीन ठिकाणं बाजूला काढली. एक नदी, दोन्ही बाजूंना जंगल आणि वर चढत जाणारी पायवाट. एक समुद्राची खाडी, जिच्यावर कडे उभे होते. आणि डोंगरांच्या मधलं एक तळं. यातलं कुठलंही घेतलं असतं तरी चाललं असतं. नदीचं नाव बोटाखाली धरून ते फोनपर्यंत गेलेही. पण नदी म्हटल्यावर त्यांना प्रवाह दिसला, प्रवाहात उलटलेली होडी दिसली, आणि होडीखाली मुलगी दिसली. ती पोहण्यात त्यांच्यापेक्षा तयार आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि तपासलेलं असणं यात त्यांच्या लेखी फार अंतर होतं.

रविवारी ऑफिसात जुनं काम उपसायचं आहे, असं मुलीला फोनवर सांगून ते बसने नदीवर गेले.

आपण अट मोडतो आहोत हे त्यांना वाटलं नाही असं नाही. बसच्या खिडकीला डोकं टेकवून त्यांनी स्वतःची समजूत घातली की अट तिच्यासाठी आहे; तिला न तपासलेल्या जागी जायचंय, आणि तिच्यापुरती ती जागा न तपासलेलीच राहणार आहे. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. लोक लिफ्टमध्ये शिरतात, बटण दाबतात, आरशात केस नीट करतात. त्यांच्या निर्धास्तपणाच्या आधी कोणीतरी अंधारात कापूस धरून उभं राहिलेलं असतं. त्यांना कुठे ते माहीत असतं.

नदी नापास झाली. होड्यांना चिरा होत्या, पायवाटेवर एका जागी दरड आली होती. पुढच्या रविवारी खाडी नापास झाली. भरतीची वेळ सांगणाऱ्या माणसाला स्वतःलाच ती नक्की माहीत नव्हती. तिकडे झाडांवर पिवळे ठिपके वाढत होते. मुलीचा फोन आला, “ठरलं का?” ते म्हणाले, “ठरतंय.” हा शब्द तिने आईच्या आजारपणातही ऐकलेला होता.

त्यानंतरच्या रविवारी ते तळ्यावर गेले.

आणि तिथे काय झालं ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पायवाट चांगली होती. वाटेत ओढ्यावर तारेचा छोटा झुलता पूल होता. त्यांनी खिशातून बोळा काढून दोन्ही कठड्यांच्या तारांवरून फिरवला. एका जागी बारीकसं टोक वर आलं होतं, तिथे कापूस अडकला. बाकी दोर ठणठणीत. काठावर होडीवाला होता, डोक्याला रुमाल बांधलेला, बोलका. त्याच्याकडची सगळी लाइफ जॅकेटं त्यांनी घालून, पट्टे ओढून पाहिली. होड्या उलट्या करून ठोकून पाहिल्या. लाल होडीच्या मागच्या झाकणाची रबरी कड सैल होती. पिवळी निर्दोष होती. होडीवाला कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. “काका, लग्न जमवताय का होडीचं?” असं त्याने विचारलं, आणि त्यांनी मान खाली घालून, “लेकीला आणायचंय,” एवढंच सांगितलं.

मग चाचणी म्हणून ते पिवळीत बसले आणि तळ्याच्या मध्यापर्यंत गेले.

तिथे तपासण्यासारखं काही नव्हतं. पाणी होतं, आणि पाण्यात डोंगर उलटे उभे होते. त्यांनी वल्हं आडवं ठेवलं. हात रिकामे झाले. कितीतरी वर्षांनी त्यांना बायको आठवली, आणि ती आजारी नव्हती. ती कुठल्यातरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मागून त्यांना हाक मारत होती, आणि ते चुकीच्या चादरीमागे शोधत होते. ते मोठ्याने हसले. मग रडले. एक बगळा पाण्यावरून इतक्या खालून गेला की त्याची सावली त्याला जवळजवळ चिकटलेली होती. ऊन कलेपर्यंत ते तसेच बसून होते. असं काही आपल्या वाट्याला येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मुलीला फोन केला. “ठरलं,” ते म्हणाले. “तळ्यावर जाऊ.”

“खरंच?” ती म्हणाली. “कसं ठरवलंत?”

“डोळे मिटून बोट ठेवलं.”

ती हसली. तिच्या हसण्याचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, एवढं खोटं चालतं.

ते दोघं गेले तेव्हा दिवस स्वच्छ होता. हवेत पहिला गारवा, उन्हात अजून ऊब. तळ्याकाठच्या पांथशाळेत एक खोली मिळाली, दोन पलंग, एक खिडकी. सामान टाकून ते लगेच चढायला निघाले. पायवाटेवर पिवळी पानं पडायला लागली होती. मुलगी पुढे, ते मागे. चालता चालता ती बोलू लागली. नव्या नोकरीचं, तिथल्या घराचं, भाषा येईल की नाही याच्या भीतीचं. मध्येच मागे वळून ती म्हणाली, “दमलास का रे?” आणि तसं म्हटल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. त्यांच्या आलं. ते “नाही” म्हणाले, आणि पुढची दहा-वीस पावलं त्यांना समोरचं नीट दिसलं नाही.

मग पूल आला. मुलगी कठड्यावर हात ठेवून चालत होती. अर्ध्यावर ती थांबली. तारेच्या वर आलेल्या टोकाला पांढरा पुंजका अडकला होता, दहिवराने ओला. तिने तो बोटांत घेतला, चोळून पाहिला. या बापाच्या घरात ती वाढली होती.

ते मागे उभे होते. ओढ्याचा आवाज बराच मोठा होता, आणि त्यांनी ओढ्याकडे पाहिलं.

“छान आहे नाही पूल?” ती म्हणाली. तिच्या ओठांच्या कडेला थोडंसं हसू होतं. ती वाट पाहत होती.

“हो. मजबूत वाटतो,” ते म्हणाले. “वाटतो आपला.”

ती पुढे चालू लागली. वरच्या कड्यावर बसून त्यांनी डबा खाल्ला. खाली तळं दिसत होतं. तिने विचारलं, “मग, काय वाटलं पहिल्यांदा पाहून?” त्यांनी तळ्याकडे पाहिलं. ते तळं होतं. कुठे खोल आहे, कुठल्या बाजूने दुपारी वारा येतो, काठ कुठे निसरडा आहे, सगळं त्यांना माहीत होतं. त्या रविवारचं बाकी काही त्यांना त्यात दिसेना. ते त्यांनी एकट्यानेच, चाचणीसाठी म्हणून, खर्चून टाकलं होतं. “सुंदर आहे,” ते म्हणाले. आपला आवाज कागदावर शिक्का मारल्यासारखा आला हे त्यांना कळलं.

दुपारी ते काठावर उतरले तेव्हा होडीवाला दुरूनच उठून पुढे आला.

“या या काका. म्हणालात तसं आणलंत लेकीला. तुमची पिवळी बाजूला काढून ठेवलीय बघा, तेव्हापासून कोणाला हात लावू दिला नाही. बायको मला हसते, म्हणते होडी आहे की जावई.”

मुलीने बापाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एक प्रकारची सुटका होती, आता तरी, असं म्हणणारी. त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं की हो, मी आलो होतो.

“तुमचा काहीतरी गैरसमज होतोय,” ते होडीवाल्याला म्हणाले. “मी इथे पहिल्यांदाच येतोय.”

होडीवाल्याने तोंड उघडलं. मग त्यांच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. रोज माणसांशी गाठ पडणारा माणूस होता. “असेल, असेल,” तो म्हणाला. “इतके चेहरे येतात. टोपी घातली की सगळे काका सारखेच दिसतात.” आणि तो जॅकेटं काढायला वळला. त्याने त्यांना सांभाळून घेतलं होतं. तसं त्यांनी स्वतः कधी कोणाला घेतलं नव्हतं.

“आम्हाला लाल होडी द्या,” मुलगी म्हणाली.

“लाल नको,” त्यांच्या तोंडून गेलं. “तिचं मागचं झाकण…”

होडीवाल्याने लाल होडी पाण्यात ढकलली.

मुलगी पुढे बसली, ते मागे. झाकण त्यांच्या पाठीशी होतं. वल्ही मारता मारता ते सारखे वळून बघत. कडेतून पाणी शिरत होतं का, हे नुसतं बघून कळत नव्हतं, म्हणून ते हात मागे नेऊन चाचपत. होडी एका अंगाला झुके. “बाबा, बगळे,” मुलगी म्हणाली. त्यांनी झाकण चाचपलं. “बाबा, तिकडे बघा, अख्खा डोंगर पाण्यात उतरलाय.” “हो हो,” ते म्हणाले, आणि झाकण चाचपलं. तळ्याच्या मध्याला आल्यावर तिने वल्हं आडवं ठेवलं. तेही थांबले. पण त्यांचा हात पाठीमागेच होता. बराच वेळ ती त्यांच्याकडे पाठ करून बसली, आणि मग काही न सांगता तिने होडी वळवायला सुरुवात केली. थोडं पाणी आत आलं होतं. पायमोजे भिजले, इतकंच.

संध्याकाळी खोलीत तिने दोघांचे पायमोजे खिडकीच्या दांडीवर वाळत घातले. बाहेर उजेड अजून होता, पण तळ्याचा रंग गेला होता. ते पलंगाच्या काठावर बसले होते.

“पुलावर कापूस होता,” ती म्हणाली.

“वाऱ्याने आला असेल कुठून तरी.”

“बाबा.”

त्यांनी चादरीची कड दुमडली.

“तुम्ही येऊन गेलात याचा मला राग नाही आला,” ती म्हणाली. ती त्यांच्याकडे न बघता पायमोज्याची घडी सरळ करत होती. “अर्धं मला वाटलंच होतं. पुलावर तर हसूच आलं. म्हटलं, आता सांगतील. मग म्हटलं चढावर सांगतील, जेवताना सांगतील. होडीवाला बोलला तेव्हा तर बरं वाटलं मला. म्हटलं, सुटले बिचारे, आता पर्यायच नाही. आणि तुम्ही त्या भल्या माणसाला खोटं पाडलंत.”

“त्याचं म्हणणं…”

“त्याचं राहू द्या.” ती वळली. खिडकी तिच्यामागे होती, त्यामुळे तिचा चेहरा त्यांना नीट दिसत नव्हता. “आईचंही मी काही काढत नाहीये. डॉक्टर काय म्हणाले ते मला पाठ आहे. फरक पडला नसता. नसेल पडला. पण तेव्हाही तुम्ही मला म्हणालात, थांबलो कुठे, चौकशी चालू होती. घाबरलो होतो असं म्हणाला असतात तर मी हॉस्टेलवर गेले नसते. मला काही हिशेब नकोय, बाबा. मी जाणारच आहे. जाताना तुमच्या तोंडचं एक खरं वाक्य घेऊन जायचंय. कसलंही चालेल. चुकलेलं असलं तरी चालेल.”

तिने दुसऱ्या पलंगावर बसकण मारली आणि हात मांडीवर ठेवले. ती पेशंटसमोर अशीच बसत असणार. पाय उचला म्हणून सांगायचं आणि मग आपण न उचलता थांबायचं, कितीही वेळ लागला तरी.

त्यांच्याकडे वाक्यं होती. घाबरलो होतो, हे एक होतं. पण ते तिनेच आत्ता म्हटलं होतं. तिचंच तिला परत दिल्यासारखं होईल, आणि तिला वाटेल की दुसरं काही सुचलं नाही म्हणून घेतलं. तुला काही झालं असतं तर, हे दुसरं. त्यात तिच्यावर ढकलल्यासारखं येत होतं. माफ कर, हे सगळ्यात लहान होतं. पण कशाबद्दल, हे त्यात नव्हतं, आणि ते घालायचं तर वाक्य लांबत होतं, आणि लांबलं की त्यात बायकोची बॅग येत होती, आणि ती बॅग आली की पुढचं काही बोलता येईल याची खात्री नव्हती. त्या रविवारी मी तळ्यात बसून हसलो आणि रडलो, हे तर खरंच होतं, अक्षरशः खरं. तेच सांगावं असं त्यांना क्षणभर वाटलं. ओठ हललेही. पण ते ऐकून ती म्हणेल, मग ते माझ्याशिवाय कसं उरकलंत, आणि याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी ते वाक्यही ठेवून दिलं, आणि परत पहिल्याकडे आले.

खिडकीबाहेर कोणीतरी होड्या ओढून काठावर घेत होतं. खडीवर घासल्याचा आवाज एकामागून एक येत गेला आणि संपला. खोलीतला उजेड इतका कमी झाला की पलंगावरची ती नुसती आकाराने उरली. तो आकार हलला नाही. मग तिने खोल श्वास घेतला आणि सोडला, आणि त्या श्वासातच त्यांना कळलं की वेळ संपत आली आहे, आत्ता, याच घटकेला काहीही, कसलंही बोललं पाहिजे.

“बोलता का?” ती म्हणाली. आवाज अगदी हलका होता. “की ठरतंय अजून?”

ते उठले. एक चप्पल पलंगाखाली सरकली होती, ती त्यांनी पायाने चाचपून पुढे ओढली. दुसरीत पाय घातला. तिच्या पलंगाजवळून जाताना त्यांचा हात थोडा पुढे झाला, तिच्या डोक्यापर्यंत जाईल एवढा, आणि कुठे टेकवायचा हे न ठरल्यामुळे तसाच मागे आला. मग त्यांनी दार उघडलं आणि एक शब्द न बोलता बाहेर गेले.